न चावणारी चप्पल

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. सकाळी ७.

रोजनिशी सुरू. वही वैष्णवीने दिलेली. तिच्या हिंजवडीच्या कंपनीत असल्या वह्या फुकट वाटतात. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आणि बाप कागदावर. चालायचंच.

संकल्प तीन. वजन चार किलो उतरवणे. साखर बंद, चहातला अर्धा चमचा साखरेत धरायचा नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे, पण हे दसऱ्यापासून.

सकाळी ११. माल पुरवणारे चांदभाई दुकानात येऊन गेले. दिवाळीसाठी नव्या कोल्हापुरीचं सँपल ठेवलं. दिसायला साधी, पट्टा छान, तळ कडक. ताबडतोब पायात घातली. शनिवार पेठेत चपलांची दुकानं बरीच आहेत. पण प्रत्येक सँपल मालकाने स्वतः तीन दिवस वापरायचं, कुठे चावते ते चिठ्ठीवर लिहायचं, कारागिराने तेवढं सुधारायचं आणि मग माल बनवायचा, ही पद्धत फक्त आमची. वडिलांनी सुरू केली, चौतीस वर्षं मी चालवतोय. चांदभाई म्हणतात, होनरावशेठ, तुमचा पाय म्हणजे आमची लॅबोरेटरी. उगाच म्हणत नाहीत.

गल्ल्यामागे पाटी आहे, माझ्या अक्षरात. ‘प्रत्येक चप्पल मालकाने तीन दिवस वापरून पाहिलेली आहे. तरीही चावल्यास आपला पाय तपासून घ्यावा.’

संध्याकाळी ६. दिवसभर वावरलो. चावली नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट.

दिवस दुसरा. सकाळी ओंकारेश्वरापर्यंत, तिथून मंडई, तिथून परत, सगळं पायी. कुठेही चावत नाही. नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी चावतेच. वडिलांच्या वेळी सँपलच्या आठवड्यात घरात हळदीचा डबा बाहेर असायचा. पण या उन्हाळ्यातले सँडलही मला चावले नव्हते. (चार-पाच जोड परत आले, पण ती माणसं मुळात कटकटी होती.) एकूण धंद्यात मालाचा दर्जा सुधारलाय, असं माझं निरीक्षण आहे. किंवा इतक्या वर्षांत माझा पाय तयार झालाय, गवयाचा गळा होतो तसा. दोन्ही खरं असावं.

बुधवार, १३ ऑगस्ट. दुपारी २.

दिवस तिसरा. पास. चिठ्ठीवर लिहिलं : कुठेही नाही. दोनशे चाळीस जोडांची ऑर्डर फोनवरून दिली. चांदभाई म्हणाले, शेठ, नक्की ना, अंगठ्यापाशी काहीच नाही? म्हटलं, चांदभाई, पाय माझा आहे.

पोपटनेही घालून पाहिली. पोपट आमचा सेल्समन, पंचवीस वर्षं दुकानात, रोज लोणी काळभोरहून येतो. दहा पावलं चालला आणि म्हणाला, मालक, लई चावती हाय. पोपटचा पाय शेतातला, पसरट. त्याला राजवाड्यातला गालिचाही चावेल.

घरी सौ.ने एक विषय काढला. फरशीवर रक्ताचे ठिपके होते, बाथरूमपासून कॉटपर्यंत. तिने माग काढला तो माझ्या डाव्या पायाशी येऊन थांबला. अंगठ्याच्या बुडाशी फोड येऊन फुटलाय. सौ. म्हणाली, नव्या चपलेने झालं. मी शांतपणे समजावलं. चपलेने झालं असतं तर दुखलं असतं. दुखत नाही. म्हणजे चपलेने झालेलं नाही. ती फरशी पुसायला गेली.

बुधवार, २० ऑगस्ट.

हळद आणि खोबरेल, दिवसातून दोनदा. जखमेचं तोंड मिटत नाही, पण दुखत अजिबात नाही. म्हणजे आतून भरत आली असणार.

सौ.च्या हट्टाखातर फॅमिली डॉक्टर. त्यांनी शुगर बघितली, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, बद्रीनाथराव, चौदा वर्षांचा डायबेटिस आहे तुम्हाला, हे माझ्या हातातलं काम नाही, जखमांच्या स्पेशालिस्टकडे जा. गोळ्या दिल्या, पट्टी बांधली, चिठ्ठी लिहून दिली. आता जखमेलाही स्पेशालिस्ट. उद्या खाजेला निघेल. डॉक्टर वयापरत्वे घाबरट झालेत. त्यात डायबेटिस म्हणे. माझी शुगर बॉर्डरला आहे, फक्त कोणत्या बाजूने ते बघावं लागतं.

चिठ्ठी वहीत नीट जपून ठेवली आहे. पाय हा माझाच विषय असल्यामुळे घाई नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी.

मोदक सात. उकडीचे होते. तळलेले असते तर खाल्ले नसते.

बुधवार, ३ सप्टेंबर.

नवा उपाय : गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसणे. अर्धा तास बसलो, पेपर वाचला, फार बरं वाटलं. सौ. बादली उचलायला आली, पाण्याला बोट लावलं आणि ओरडली. म्हणाली, अहो, हे पाणी आहे की काय आहे, चहा होईल यात. पाणी कोमट होतं. वॉशिंग मशीन घेतल्यापासून हिचे हात नाजूक झालेत.

संध्याकाळी घोट्याच्या खाली साल निघाली. मृत त्वचा गळून नवी येते, असं वाचलं होतं. प्रक्रिया सुरू झाली म्हणायची.

सोमवार, ८ सप्टेंबर.

विसर्जनाचे दोन दिवस दुकानात सलग उभा होतो. गर्दीत पाणी मागायला, बसायला, चप्पल तुटली म्हणून, सगळे आमच्याच पायरीवर. पाय सुजला, पण एवढं उभं राहिल्यावर कुणाचा सुजणार नाही.

दुकानात वास येतोय. कुजकट, गोडसर. चामडं नीट कमावलेलं नसलं की असं होतं. पोपटला सगळा माल हुंगायला लावला. तो प्रत्येक खोका उघडून हुंगत हुंगत रॅकच्या टोकापासून गल्ल्यापर्यंत आला, माझ्या खुर्चीपाशी थांबला, खाली बघितलं. म्हटलं, काय? म्हणाला, माल ठीक हाय मालक. मग दुपारी दुकान बंद असताना त्याने वैष्णवीला फोन केला, असं आता कळतंय. पंचवीस वर्षं मीठ खाऊन.

सोमवार, १५ सप्टेंबर. संध्याकाळी ५.

वैष्णवीने सुट्टी टाकून मला उचलून नेलं. जखमांच्या स्पेशालिस्ट डॉ. अफशीन तांबोळी. वय चाळिशीच्या आत. जन्म आमच्याच पेठेतला, वडिलांबरोबर आमच्या दुकानात शाळेचे बूट घ्यायला यायच्या म्हणे. म्हटलं, चावले होते का? म्हणाल्या, नाही, आपल्या दुकानातले कधीच चावले नाहीत. बाई एकदम पसंत पडल्या.

मग परीक्षा. डोळे मिटायचे, त्या एका नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तळपायाला टोचणार, लागलं की मी ‘हो’ म्हणायचं. अशा परीक्षा मी चौतीस वर्षं देतोय. दर चार-पाच सेकंदांनी ठामपणे हो म्हणत गेलो. दहा वेळा म्हणालो. डोळे उघडले तर डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बेसिनमध्ये हात धूत होत्या. म्हणाल्या, होनरावकाका, शेवटचे सहा ‘हो’ मी इथून ऐकले. वैष्णवी खिडकीबाहेर बघायला लागली.

पहिल्या चारांपैकी किती बरोबर आले ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग जखम साफ केली. ब्लेडने कडेची कातडी तासून काढली, चांगला बराच वेळ, भूल न देता. मी गप्पा मारत होतो. माझी सहनशक्ती त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतली. एक्स-रे काढला, नाडी मशीनवर ऐकली, तीन महिन्यांची शुगर तपासली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, रक्तपुरवठा ठीक आहे, हाडापर्यंत अजून गेलेलं नाही, अंगठा वाचवता येईल. पण त्याच्यावर भार पडता कामा नये. दर आठवड्याला इथे ड्रेसिंग, घरचं काही लावायचं नाही, शुगर ताब्यात, आणि हा बूट. पावलं टाकाल तेव्हा तेव्हा हा बूट, बाथरूमला जातानासुद्धा. मी म्हटलं, डॉक्टर, पण मला दुखत नाही. त्या म्हणाल्या, काका, हीच तर तक्रार आहे.

डॉक्टर हुशार आहेत, पण बोलणं जरा उलटसुलट.

बूट : काळा, गुडघ्याखालपर्यंत, पट्ट्या पाच, तळ होडीसारखा. याला पादत्राण म्हणणं मला जमणार नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

तीन दिवस बूट घातला. दुकानात सकाळपासून अकरा जणांनी विचारलं, काय झालं. एकाने विचारलं, हे मॉडेल आठ नंबरमध्ये आहे का. चपलांच्या दुकानाचा मालक स्वतः होडी घालून बसलाय, याचा धंद्यावर परिणाम होणार हे लहान मूलही सांगेल.

तोडगा : डॉक्टरांनी चालताना बूट घालायला सांगितलाय. दुकानात मी चालत नाही, वावरतो. म्हणून बूट काउंटरखाली. घरी जाताना घालायचा. सौ. खूश, वैष्णवी खूश, पाय मोकळा. सगळ्यांचा विचार करावा लागतो.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.

माल आला. दोनशे चाळीस जोड, काय देखणा. शोकेसमध्ये मधोमध लावला. जाहिरात म्हणून एक जोड स्वतः घातला. गिऱ्हाइकाने मालकाच्या पायाकडे बघावं आणि मागावी, अशी कल्पना. ड्रेसिंगमुळे अंगठा आत जात नव्हता, म्हणून ड्रेसिंग थोडं कमी केलं.

आज ड्रेसिंगची तारीख होती. पण घटस्थापनेला कोण दवाखान्यात जातं. फोन करून कळवलं, नवरात्रानंतर येतो. तिकडून डॉक्टर स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या, काका, जखमेला नवरात्र कळत नाही. म्हटलं, पण आम्हाला कळतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

विक्रमी विक्री. एकशे साठ जोड गेले. पोपट दिवसभर तोंड पाडून खोके काढत होता. एका बाईंना तर म्हणाला, ताई, आठवडाभर तेल लावा, मोजे घालून वापरा. नवी चप्पल मोजे घालून. त्याला बाजूला घेऊन समज दिली. म्हणाला, मालक, तुमी म्हनताय म्हनून इकतोय.

आजपासून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं होतं. बोललो. सगळ्यांना हेच सांगितलं की स्वतः वापरून बघितलीय.

सोमवार, ६ ऑक्टोबर.

सकाळपासून सतरा जोड परत. लोकांच्या पायांना काय झालंय. एका कॉलेजच्या पोराचा अंगठा सोललेला, एका गृहस्थांच्या दोन्ही टाचा. भावे हायस्कूलजवळ राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आल्या, स्टुलावर बसल्या, पट्टी काढून पाय माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, पाटीवर लिहिल्याप्रमाणे माझा पाय तपासून घेतला, पाय उत्तम आहे, आता आपला तपासा.

पुण्यात लोकांना बोलण्याचं निमित्त लागतं. त्यांचा जोड बदलून दुसरा दिला. तोही त्याच लॉटमधला आहे, हे त्यांना दारात गेल्यावर कळलं. मग आणखी बोलल्या.

निष्कर्ष : गाड्यांमुळे माणसं चालत नाहीत, म्हणून कातडी पातळ झाली. माझ्या पायात तीच चप्पल पंधरा दिवस आहे. तक्रार शून्य.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी १.

डॉ. तांबोळी. जखम वाढली आहे असं त्यांचं मत. त्यांनी आत एक बारीक सळई घातली, ती कशाला तरी लागली. म्हणाल्या, हे हाड. माझ्या पायात हाड आहे हे मला माहीत आहे, पण त्यांचा चेहरा बघून विनोद केला नाही.

विचारलं, बूट घालता ना? म्हटलं, न चुकता. त्यांनी बूट मागितला, उलटा केला आणि तळ उजेडात धरला. तळ जवळजवळ कोरा. खाचांमध्ये माती नावालाच. टाचेला किमतीचं स्टिकर अजून वाचता येत होतं. साडेतीन आठवडे वापरलेल्या बुटाचा तळ कसा दिसतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी ‘कालच घेतला’ म्हणून परत आलेले बूट तळ बघूनच परत करत आलोय, गिऱ्हाइकाला दारात उभं करून. त्यांनी बूट माझ्यासमोर सरळ ठेवला.

मग म्हणाल्या, ॲडमिट व्हा, शिरेतून औषधं सुरू करू, अजूनही अंगठा वाचवायची संधी आहे, पण आता दिवस मोजायचे. मी सांगितलं, दिवाळी झाली की त्याच दिवशी येतो. बरोबर आलेली वैष्णवी रिक्षात डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचत होती. मी तिला म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या ना संधी आहे. ती म्हणाली, बाबा, त्या अजून बरंच काही म्हणाल्या.

रविवार, १२ ऑक्टोबर.

एकूण परत जोड : एकोणऐंशी. गोळ्या नियमित घेतोय. आज एक विसरलो. काल दोन.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

चांदभाई आले. परत आलेल्या जोडांचा ढीग बघितला, स्टुलावर बसले, स्वतःचे बूट काढले आणि एक जोड पायात घातला. दुकानाच्या दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, शेठ, ही पहिल्या पावलाला चावते. म्हटलं, चांदभाई, मला तर नाही चावली.

त्यांनी जोड काढून परत ढिगावर ठेवला. मग म्हणाले, कच्चा नमुना मुद्दाम तसाच पाठवतो आम्ही, अंगठ्याचा टाका टोचरा, कड न घासलेली. तुम्ही लिहिणार आणि कारागीर ते घासणार, असं वीस वर्षं चाललंय. तुमची चिठ्ठी आली, कुठेही नाही. कारागिराने मला दोनदा विचारलं. मी त्याला म्हटलं, होनरावशेठनी लिहिलंय म्हणजे झालं, बनव. सगळे जोड तसेच बनवले त्याने.

मी म्हटलं, बघा, म्हणजे चूक कारागिराची.

चांदभाई माझ्या पायाकडे बघत होते. पोपट पुढे आला, खाली बसला, माझ्या डाव्या पायातली चप्पल न विचारता काढली आणि काउंटरवर ठेवली. रस्त्यावरचा एक खिळा तळातून आरपार वर आला होता, चांगला पाऊण इंच, टोकाला सुकलेलं रक्त. पोपट म्हणाला, मालक, सकाळपास्नं टक् टक् वाजतंय फरशीवर. मला वाटलं तुमाला ठाव हाय.

पोपट रडत होता. कारण नसताना. मी दोघांना चहा मागवला. माझ्या चहात अर्धा चमचा.

रविवार, १९ ऑक्टोबर.

थंडी वाजून ताप. दिवाळीच्या साफसफाईची धूळ. अंगठ्याचा रंग जरा गडद वाटतो, पण तो चामड्याचा रंग उतरला असावा, कोल्हापुरीचा उतरतो. सौ.ने साबण लावून घासला. उतरला नाही. तिने हॉस्पिटलची बॅग भरून दारात ठेवली आहे. लक्ष्मीपूजन झाल्याशिवाय त्या बॅगेला हात लावणार नाही, हे स्पष्ट सांगितलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दुपारी ४.

पूजा साडेसहाला. तोवर पडून राहतो. अक्षर वाकडं येतंय, पेन खराब. पोपटने दुकान झाडून रांगोळी काढलीय असा फोन. जखमेपासून निघालेली तांबडी रेघ घोट्याच्या वर चढलीय. सौ. मोजतेय, सकाळी चार बोटं होती, आता

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. हॉस्पिटल.

वरचं वाक्य पुरं करायचं राहिलं. रेघ पोटरीपर्यंत गेली तेव्हा वैष्णवीने अँब्युलन्स बोलावली. पूजा पोपटने केली. ऑपरेशन त्याच संध्याकाळी. बाहेर फटाके, आत मी.

डावा अंगठा काढला. शेजारच्या बोटाचाही थोडा भाग.

डॉ. तांबोळी राउंडला आल्या. मी म्हटलं, नऊ बोटं म्हणजे नव्वद टक्के, फर्स्ट क्लास. त्या हसल्या नाहीत. पाय वाचला, असं म्हणाल्या. दोन दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता. मी विचारलं, ऑगस्टमध्ये आलो असतो तर? म्हणाल्या, बूट, ड्रेसिंग, सहा-आठ आठवडे. बस.

हे मला मान्य नाही, असं लिहिणार होतो. पण मान्य न करायला काही मुद्दा सापडेना.

कोल्हापुरी चप्पल अंगठ्याच्या जोरावर पायात राहते. हे सहज लिहून ठेवतोय. बाकी काही नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.

उरलेले जोड परत पाठवून सगळे पुन्हा घासून द्यायला चांदभाई तयार झाले. त्यांच्याशी बोलणं वैष्णवीने केलं. नव्या जोडांची सँपल यापुढे पोपट वापरणार, असंही तिने ठरवलं. मी म्हटलं, दोघांनी वापरू, मी उजव्या पायाने. उजवा उत्तम आहे. ती फळं कापत राहिली.

नवीन संकल्प. घरगुती काही लावायचं नाही. दर आठवड्याला ड्रेसिंग, सण असो नसो. बूट बाथरूमलासुद्धा. शुगर रोज, आकडा असेल तो लिहायचा. पायाकडे स्वतः लक्ष द्यायचं. पाय शेवटी माझा आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी १०. हॉस्पिटल.

आज डिस्चार्ज. डॉ. तांबोळींनी ड्रेसिंग सोडलं. जखम लाल आणि स्वच्छ आहे, भरेल म्हणाल्या. मी त्यांना संकल्प वाचून दाखवले. शेवटचा दोनदा वाचला. त्या म्हणाल्या, छान, आता उजवा बघू. म्हटलं, उजव्याला काही झालेलं नाही, मी स्वतः लक्ष ठेवून आहे. तरी त्यांनी उजव्या पायातला मोजा काढला.

टाचेला पट्टी होती.

मी ती बांधलेली नव्हती. कुणी बांधली, कधी, मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ती सोडली. टाचेमागे रुपयाएवढा फोड, फुटलेला, खाली ओली लाल जागा. दोन आठवडे गादीवर टाच घासून झालेला. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आजवर पायाबद्दल विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, असं झालेलं नाही.

सौ. म्हणाली, शनिवारी सकाळी लाल दिसली. काल दुपारी फोड आला, तासाभरात फुटला. मी सिस्टरांना दाखवला, त्यांनी पट्टी लावली, फाइलमध्ये लिहिलंय. हे पेपर वाचत होते. डॉक्टरांनी विचारलं, यांना सांगितलं नाहीत? सौ. म्हणाली, काय सांगायचं, हे म्हणाले असते दुखत नाही. रागाने नाही म्हणाली. दूधवाल्याला उद्या एक पिशवी जास्त सांगावी तसं म्हणाली.

मग डॉक्टर तिच्याकडे वळल्या. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही तळपाय उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, टाच उशीवरून बाहेर ठेवायची, आंघोळीचं पाणी आधी तुम्ही बघायचं, जराही लाल दिसलं की त्याच दिवशी फोन. सौ. माझ्या याच वहीचं मागचं पान फाडून लिहून घेत होती. मध्येच विचारत होती, डावा आधी की उजवा, तेल चालेल का, बेचक्यांत नको ना. दोघी माझा एकेक पाय हातात घेऊन बोलत होत्या. मी पडून ऐकत होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही.

एकदम रडू आलं. आवरेना. सौ.ने पेन खाली ठेवलं, जवळ आली आणि विचारलं, अहो, दुखतंय का?

नाही म्हणालो. खरंच दुखत नव्हतं.